पत्रिकेचं पान: सीएसएसने मानपान सांभाळण्याची रीत

प्रस्तुत मार्गदर्शिका गुडीहत्नूर मंडलातल्या त्या एका मुलासाठी किंवा मुलीसाठी आहे, जिच्याबद्दल घरात "हिला कम्प्युटरचं समजतं" असं एकदा कोणीतरी बोलून गेलं आणि तेव्हापासून सुटका झाली नाही.

गरज

आदिलाबादहून निर्मलकडे जाताना ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आपलं गाव लागतं. इथून इंद्रवेल्ली-उटनूरचा फाटा फुटतो. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या. सोयरिकींनी त्याची फारशी दखल घेतली नाही. त्यामुळे घरात लग्न निघालं की काही सोयरे किनवटला, काही पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याला, काही हैदराबादला. एवढ्या पत्रिका वाटत फिरण्यापेक्षा फोनवर उघडणारं एक पान बरं, असं ठरतं. ते पान सजवण्याचं काम तुमच्याकडे येतं. कसं सजवायचं हे सांगायला मात्र सगळे येतात.

साहित्य

एचटीएमएलची एक फाइल, सीएसएसची एक फाइल, नोटपॅड, ब्राउझर. खोलीचं दार आतून लागत असल्यास उत्तम.

पायरी १: कामाची वाटणी समजून घ्या

काय लिहायचं ते एचटीएमएलमध्ये, कसं दिसायचं ते सीएसएसमध्ये. ही वाटणी हॉकन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्न प्रयोगशाळेत असताना सुचवली. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली आवृत्ती अधिकृत झाली. ली यांच्या प्रस्तावाला 'कॅस्केडिंग' हा शब्द पहिल्यापासून चिकटलेला होता. एकाच गोष्टीबद्दल अनेकांचे हुकूम येणार, मग त्यांतला कोणाचा चालायचा, हा त्याचा अर्थ. म्हणजे हे शास्त्र मुळातच मानपानाचं आहे.

नियम लिहायची रीत सोपी. आधी कोणाला ते, म्हणजे सिलेक्टर. मग महिरपी कंस. आत प्रॉपर्टी, अपूर्णविराम, व्हॅल्यू आणि शेवटी अर्धविराम. अर्धविराम विसरलात तर पुढची ओळही वाया जाते. ब्राउझर रागावत नाही, टोमणा मारत नाही. न समजलेलं मुकाट्याने सोडून पुढे जातो. घरात अशा वागण्याची सवय नसल्यामुळे सुरुवातीला चूक सापडत नाही.

पायरी २: कोणाचा मान किती, हे ठरवा

सगळ्या परिच्छेदांना मिळून दिलेला हुकूम सर्वांत हलका. क्लासचा, म्हणजे 'समस्त मामेमंडळी' अशा गटाचा हुकूम त्याहून वजनदार. आयडीचा त्याहून मोठा, कारण आयडी पानात एकालाच मिळतो. तो वराच्या आजोबांना द्यावा. एचटीएमएलमध्ये त्या ओळीतच घुसून लिहिलेली स्टाइल आयडीलाही हरवते.

इथे बेरीज चालत नाही. साध्या टॅगची अकरा नावं एकापुढे एक जोडून लिहिली तरी एका क्लासला हरवता येत नाही, आणि कितीही क्लास एकत्र आले तरी आजोबा हलत नाहीत. वजन सारखंच असेल तर जो नियम शेवटी लिहिला तो चालतो. म्हणून "आधी मला विचारलं होतं" या तक्रारीला सीएसएसमध्ये काही किंमत नाही.

हरलेला हुकूम फाइलमधून पुसला जात नाही. ब्राउझरच्या तपासणी खिडकीत तो आडवी रेघ मारून दिसत राहतो. ही खिडकी काकांना दाखवू नये.

पायरी ३: 'इम्पॉर्टंट' जपून वापरा

व्हॅल्यूनंतर उद्गारचिन्ह देऊन 'इम्पॉर्टंट' लिहिलं की तो नियम बाकी सगळ्यांच्या वर चढतो. आत्याच्या नावाचा आकार वाढवण्यासाठी तुम्ही तो एकदा वापराल. संध्याकाळपर्यंत काकूंना कळेल. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नावापुढे 'इम्पॉर्टंट' असेल आणि निकाल पुन्हा पायरी २ प्रमाणेच लागेल. सगळेच महत्त्वाचे झाले की गाडी आजोबांपाशीच येते.

पायरी ४: दोन नावांत अंतर ठेवा

पानातली प्रत्येक गोष्ट चौकोन असते. मधे मजकूर, त्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर, बाहेर मार्जिन. रुंदी ३०० पिक्सेल ठरवली, दोन्ही बाजूंना २० पॅडिंग आणि ५ बॉर्डर दिली, तर चौकोन ३५० पिक्सेलचा होतो आणि शेजारच्या नावाला धक्का लागतो. म्हणून 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' लिहावं, मग ३०० म्हणजे ३००च राहतात.

उभ्या मार्जिनची खोड वेगळी. एकाखाली एक आलेल्या नावांत वरच्याने खाली २० सोडले, खालच्याने वर ३० सोडले, तर मधे ५० होत नाहीत, ३०च होतात. मोठं अंतर धाकट्याला गिळतं. बोलणं बंद असलेल्या दोन सोयऱ्यांना दूर ठेवायचं असेल तर दोघांनाही मार्जिन देऊन उपयोग नाही. एकालाच भरपूर द्यावं.

पायरी ५: लिप्यांचा मान राखा

पान मराठीत हवं, तेलुगूत हवं, आणि बाबांच्या उर्दू शिकलेल्या मित्रांसाठी उर्दूतही. प्रत्येक भागाला लँग ही खूण द्यावी. मग त्या त्या भाषेसाठी वेगळे नियम लिहिता येतात. फाँटमध्ये सोय असेल तर मराठीची खूण दिल्यावर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

मराठी शीर्षकाला 'लेटर-स्पेसिंग' देऊ नये. शिरोरेषा जागोजागी तुटते. इंग्रजी शीर्षक भारदस्त करणारं 'अपरकेस' मराठीवर काहीच करत नाही, कारण आपल्याकडे लहानथोर अक्षरं नसतात. लहानथोर फक्त माणसं असतात. 'लाइन-हाइट' सढळ ठेवावी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. तेलुगूत जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं. तिथे आणखी सढळ. उर्दूला 'डिरेक्शन' उजवीकडून डावीकडे.

फाँटच्या शोधात मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचं 'बालू' कुटुंब पाहावं. त्यातल्या लिप्यांची नावंच भाई, दा, तंबी, चेट्टन अशी आहेत. तेलुगूचा भाऊ तम्मुडू. एवढी एकोप्याने राहणारी भावंडं लग्नघरात दुसरी सापडणार नाहीत. गोंडी पाहुण्यांसाठीही सोय आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली लिपी २०१८ पासून युनिकोडमध्ये आहे.

पायरी ६: रंग निवडा

सीएसएसमध्ये रंगांची तयार नावं शंभराहून जास्त आहेत. त्यांत टोमॅटो आहे, चॉकलेट आहे, गहू आहे. हळद नाही, कुंकू नाही. आपल्या भागाचा कापूस शोधू नये, लिनन आहे. 'डार्कग्रे' हा रंग 'ग्रे'पेक्षा फिका आहे. यावर वाद घालू नये, तसं ठरलेलं आहे. हळद स्वतः आकड्यांत लिहावी लागते, आणि ती कोणाच्याच पसंतीला उतरत नाही.

पायरी ७: नावांचा क्रम लावा

ही पायरी मुहूर्त पाहून करावी. 'डिस्प्ले: फ्लेक्स' दिलं की नावं ओळीत येतात, आणि 'ऑर्डर' दिलं की एचटीएमएलच्या फाइलला हात न लावता क्रम बदलतो. लहान आकडा आधी. काकांना उणे एक दिला की काका पहिले. मामांना हे कळलं की उणे दोन. तडजोड म्हणून मीडिया क्वेरी वापरावी: रुंद पडद्यावर काका आधी, फोनवर मामा आधी. काका हैदराबादेत ऑफिसच्या कम्प्युटरवर पाहतात, मामा फोनवर; दोघेही समाधानी. मात्र पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फाइलमधला मूळ क्रमच बोलतं. ते सुरू असताना दोघांना एका खोलीत बसवू नये.

नाव गाळायचं असल्यास तीन मार्ग आहेत. 'डिस्प्ले: नन' दिलं तर नावही जातं, जागाही जाते. 'व्हिजिबिलिटी: हिडन' दिलं तर नाव जातं, जागा रिकामी राहते आणि गावभर चर्चा होते. 'ओपॅसिटी: शून्य' दिलं तर नाव दिसत नाही, पण नावाला नंबर जोडलेला असेल आणि चुकून बोट लागलं तर त्याला फोन लागतो. तिन्ही मार्गांत फाइल उघडून पाहणाऱ्याला नाव सापडतंच.

पायरी ८: पाहुणा ओळखा

अक्षरांचा आकार पिक्सेलमध्ये देऊ नये, 'रेम'मध्ये द्यावा. एक रेम म्हणजे सहसा १६ पिक्सेल. पण कोणी आपल्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर रेम त्याचं ऐकतो, पिक्सेल ऐकत नाही. देवापुढे ठेवायची प्रत कागदावर लागतेच. तिच्यासाठी 'मीडिया प्रिंट'चे वेगळे नियम लिहावेत, पांढऱ्यावर काळे. ब्राउझर मागचा रंग सहसा छापत नाही.

नेहमीची शंका

*एवढं करून शेवटचा शब्द कोणाचा?*

१९९६ च्या पहिल्या आवृत्तीत पान बनवणाऱ्याचा 'इम्पॉर्टंट' वाचणाऱ्याच्या 'इम्पॉर्टंट'पेक्षा मोठा होता. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटवलं गेलं. तेव्हापासून ज्याला अक्षर दिसत नाही, ज्याला रंग टोचतो, त्याने आपल्या ब्राउझरला दिलेला हुकूम तुमच्या, काकांच्या आणि आजोबांच्या आयडीच्याही वर चालतो. बोलावणारे कितीही असोत, मान बोलावलेल्याचा.

*हे काकांना सांगावं का?*

सांगू नये. पान पाठवावं, आणि ते उघडायला चष्मा शोधू लागले की अक्षर मोठं कसं करायचं तेवढं दाखवावं. पुढची चार लग्नं ते त्यातच रमतील.