उन्हाला घातलेलं घड्याळ

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर नाना राहतात. त्यांच्या घरात वस्तू वापरत नाहीत, जपतात. टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. सोफ्याला खोळ, खोळीवर चादर, आणि पाहुणा घामट दिसला तर चादरीवर टॉवेल. लग्नात मिळालेला कपबशांचा सेट काचेच्या कपाटात बसून चाळीस वर्षं घरातल्यांना चहा पिताना बघतो आहे.

अशा माणसाला मुलाने जपानहून सौर घड्याळ पाठवावं, हा त्या घड्याळाचा प्रारब्धभोग. डिजिटल, काळंभोर. “बाबा, याचा सेल बदलायला नको, उजेडावर चालतं,” असं मुलगा फोनवर म्हणाला. यातलं “बदलायला नको” एवढंच नानांनी ऐकलं. घड्याळ डबीत, डबी मखमली बटव्यात, बटवा लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात. वर दोन डांबरगोळ्या. पुतणीच्या लग्नात घालू म्हणाले. पुतणीचं लग्न जमायला अडीच वर्षं लागली.

लग्नाच्या सकाळी वरून हाक आली. “अरे, वर ये जरा. जपान गेलं.”

मी गेलो तेव्हा रोगनिदान झालेलं होतं. नाना तीस वर्षं सरकारी वर्कशॉपात होते, त्यामुळे कुठलंही यंत्र आधी तळहातावर आपटायचं ही पहिली तपासणी. ती पार पडली होती. घड्याळ कानाशीही धरून झालं होतं. डिजिटल घड्याळ टिकटिक करत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, “म्हणूनच म्हणतो, बंद आहे.” आता मागचं झाकण उघडायला ते स्क्रूड्रायव्हर शोधत होते. तेवढ्यात मी माहितीपुस्तिका मागितली. ती अर्थातच जपलेली होती, घडीसुद्धा न मोडता.

पुस्तिकेत सगळं लिहिलेलं होतं. या घड्याळाच्या तबकडीतच सौरपट्टी असते आणि आत पुन्हा पुन्हा भारित होणारा सेल. रात्री अंधारात तासभर पडलं की पडदा आपोआप कोरा होतो. हा बिघाड नव्हे, झोप आहे, उजेड दिसताच जागं होतं. सहा-सात दिवस अंधारातच गेले तर दिवा, गजर सगळं मिटून आत फक्त वेळ मोजत बसतं. पूर्ण भरलेला सेल अशा अवस्थेत दीड-दोन वर्षं तग धरतो. म्हणजे त्या बिचाऱ्याने चोरकप्प्यात, डांबरगोळ्यांच्या वासात, शेवटच्या श्वासापर्यंत पुतणीच्या लग्नाचा मुहूर्त मोजला होता.

“नाना, हे बिघडलेलं नाही, उपाशी आहे. ऊन दाखवा.”

“किती?”

हा प्रश्न त्यांनी डॉक्टरला विचारावा तसा विचारला. उघड्या उन्हात पाच-आठ मिनिटांत दिवसभराची सोय होते, ट्यूबलाइटखाली त्यालाच आठेक तास लागतात. पण पार रिकामं झालेलं असलं तर उन्हातही काही तास ठेवावं लागतं, असं मी सांगितलं. लग्नाला नाना जुनं किल्लीचं घड्याळ घालून गेले आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर काकूंच्या पोह्याच्या पापडांशेजारी जपानला जागा मिळाली.

दुपारी जाऊन बघतो तर घड्याळ रुमालाखाली झाकलेलं.

“नाना, हे काय?”

“ऊन फार आहे रे. करपेल.”

यात ते अगदीच चुकलेले नव्हते, हे कबूल करायला हवं. एप्रिलातल्या फरशीवर ठेवलं तर घड्याळ तापतं, पडदा काळा पडतो आणि सेललाही ते मानवत नाही. म्हणून तडजोड झाली: रुमाल काढायचा, घड्याळ लाकडी पाटावर ठेवायचं, आणि ऊन सकाळचं द्यायचं. तान्ह्या बाळाला देतात तसं.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आकडे उमटले. नाना इतके हरखले, की आल्यागेल्याला दिव्याचं बटण दाबून दाखवू लागले. दहा-पंधरा जणांचं कौतुक झाल्यावर दिवा लागेना, अक्षरं लुकलुकू लागली. पुन्हा मला हाक. थोड्या वेळात फार दाबादाबी झाली की सेल दमतो, पंधराएक मिनिटं सोडून द्या, म्हटलं. नानांनी ती पंधरा मिनिटं कोणाला जिन्यात मोठ्याने बोलू दिलं नाही.

मग निघालं रेडिओचं प्रकरण. हे घड्याळ रात्री आकाशातून वेळेचा संदेश पकडतं, हे मुलाने सांगितलेलं नानांना अचानक आठवलं. ते संदेश देणारी केंद्रं जपानात, चीनमध्ये, जर्मनीत, इंग्लंडात आणि अमेरिकेत. पुण्यात यातलं काही पोचत नाही. इथे हातानेच वेळ लावायची, महिन्याला पंधराएक सेकंद इकडेतिकडे धरायची. तरी नानांनी आठवडाभर घड्याळ पूर्वेच्या खिडकीत ठेवलं. “प्रयत्न करू दे त्याला. माहेरचं आहे.”

आता सगळं ठीक आहे. चार्जची खूण वरच्या पायरीवर आहे, म्हणजे हातात घालायला काहीच हरकत नाही. पण नानांचे शर्ट पूर्ण बाह्यांचे, आणि बाहीखाली ऊन लागत नाही हे त्यांनी पुस्तिकेत स्वतः वाचलं आहे. त्यामुळे घड्याळ गच्चीवरच असतं. सकाळी पूर्वेच्या कठड्यावर, दुपारी जिन्याच्या सावलीत, उतरत्या उन्हाला पश्चिमेकडे. नाना दिवसातून चार वेळा वर जातात.

काल मीही वर होतो. पाण्याच्या टाकीची सावली सरकत पापडांच्या चादरीच्या काठाला टेकली. नानांनी तिच्याकडे बघितलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

“साडेचार झाले,” म्हणाले. “घड्याळ हलवायला हवं.”