पथ्य बोटीवरचं

चोर्ला घाट उतरल्याशिवाय बेळगावकराला समुद्र दिसत नाही, तरी आमच्या टिळकवाडीत एक बोटीवरचा आहेच. सात-आठ महिने पाण्यावर, उरलेले गल्लीत. घरात पाऊल टाकलं की पहिली झडती आईच्या फोडणीची.

"तेल किती घातलीस गे? आमच्या बोटीवर असलं चालत नाही."

"मग तिथंच जेवून यायचं होतंस की," असं म्हणत आई भरल्या वांग्यावर आणखी एक पळी सोडते.

आहार हा त्याचा हातखंडा विषय. निपाणीला एका लग्नाच्या पंगतीत त्याने शेजाऱ्याला अख्खा आंतरराष्ट्रीय कायदा ऐकवला. 2006 साली जिनिव्हात करार झाला, 2013 पासून लागू आहे. खलाशाला जेवण फुकट, तेही पौष्टिक आणि त्याच्या धर्माला, चालीरीतीला धरून. बोटीवर दहा किंवा जास्त माणसं असली तर कुक शिकलेलाच पाहिजे. भटारखान्याची तपासणी... एवढ्यात जिलबी आली. वाढपी म्हणाला, "घ्या ओ, एकच." त्याने चार घेतल्या. वर मठ्ठा घेतला, पचनासाठी.

त्याला जरा खोलात नेलं की बोटीवरचं खरं चित्र बाहेर येतं. बंदरातून निघाल्यावर पहिला आठवडा मेथी, पालक, कोथिंबिरीची चंगळ. मग कोबी, गाजर, भोपळा. पुढं फ्रीझरमधला वाटाणा, आणि शेवटपर्यंत साथ देणारे कांदे-बटाटे. रात्री बारा ते चारची ड्यूटी असली की सॅलडची आठवण कुणालाच येत नाही. नूडल्सचं पाकीट फुटतं. समुद्र खवळला की चालणंही बंद, कारण जमीनच चालत असते. हा गडी मात्र केबिनमध्ये ओल्या टॉवेलात मूग बांधून मोड आणतो, आणि ते खरंच कौतुकाचं आहे.

लिंबाचा किस्सा तो दर सुट्टीत सांगतो. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने बोटीवरच्या बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. हिरड्या सुजून दात हलायला लागलेले ते लोक. संत्री-लिंबं मिळालेले दोघे सगळ्यांत आधी उठून बसले. ब्रिटिश आरमाराने सगळ्यांना लिंबाचा रस द्यायचं ठरवलं ते 1795 मध्ये. फाईल तिथंही तशीच फिरते म्हणायची! किस्सा संपेपर्यंत त्याच्या स्वतःच्या ताटातलं लिंबू मटणाच्या रश्श्यात पिळून झालेलं असतं.

शिडाच्या होडीचा विषय निघाला की तो आणखी फुगतो. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. होडीचं नाव म्हादई. आणि ज्या नदीचं हे नाव, ती उगवते आमच्या खानापूर तालुक्यात! एवढ्या धाग्यावर तो त्या विक्रमात बेळगावचा हिस्सा लावून घेतो. "एकटा माणूस, कुकही तोच आणि नावं ठेवणाराही तोच," एवढं म्हणून तो स्वतःच्या कुकची आठवण काढतो आणि उसासा टाकतो.

सुट्टीचा शेवटचा महिना मोठा केविलवाणा. मेडिकल तोंडावर, पोट त्याच्याही पुढं. मग पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फेऱ्या सुरू. ओळखीचे विचारतात, "काय गा, बोट सुटली वाटतं?" तो धापा टाकत हात हलवतो. फेऱ्या संपल्यावर कोपऱ्यावर पोहे खातो, कारण रिकाम्या पोटी चहा वाईट.

बॅग भरताना मात्र आई जिंकते. कडक भाकरीची चवड, जवसाची चटणी, शेंगाची चटणी, संकेश्वरी मिरचीचं तिखट. गोऱ्यांच्या गलबतावर शतकानुशतके टणक बिस्किटं असायची, त्यात किडेही निघायचे. आमची कडक भाकरी त्याहून हलकी, आणि ज्वारीची. डाएटवाल्यांनी आता जिची पाठ थोपटावी, ती भाकरी त्याची आई कधीपासून थापते आहे.

बॅगेत सगळ्यांत खाली, टीशर्टच्या घडीत गुंडाळलेला एक किलो कुंदा असतो.

"हे कुणाला रे?"

"कुकला. गोड गेलं की माझ्या भाजीत तेल कमी घालतो."