चॉइस नंबरचं शून्य

धाडला रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा सांगावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचत बसावं, याच्याइतकी स्वस्त करमणूक दुसरी नाही. गाव जिल्ह्याच्या कडेला, त्यामुळे बुलढाण्याची एमएच २८, जालन्याची २१ आणि संभाजीनगरची २० अशी तिन्हीकडची वाहनं इथं धूळ उडवतात.

त्यातही आमचा २८ अस्सल! त्याला १, २, ४, ७ आणि १४ यांनी भाग जातो. या पाचांची बेरीज पुन्हा २८. अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात. महाराष्ट्रात हा मान आणखी फक्त रायगडच्या ०६ला. रस्त्यांचं काय ते बोलू नका, नंबर तरी परिपूर्ण आहे. हाच २८ उलटा करून त्यात मिळवा : २८ आणि ८२, झाले ११०. त्यात ०११ मिळवा, आले १२१. ‘चिमा काय कामाची’सारखं, कुठूनही वाचा. सगळ्याच संख्या इतक्या गरीब नसतात. ८९ला चोवीस बेरजा लागतात, आणि १९६नं तर संगणकांनाही अजून दाद दिलेली नाही.

या वेडाचे आपल्याकडचे मूळपुरुष म्हणजे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते : १५चे २१ होतात, २३चे २८. पण २० कुणाच्याच पोटी येत नाही, ती स्वयंभू. संभाजीनगरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. मास्तरांच्या या उद्योगाला इथल्या पंडितांनी पोरखेळ ठरवलं. १९७५मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा आपल्यालाही ते थोर वाटू लागले. आपली जुनी खोड.

त्यांचा खरा हुकमी एक्का १९४९चा. समोरून ३५२४ नंबरची जीप गेली समजा. अंक उतरते मांडा, ५४३२. चढते मांडा, २३४५. वजा करा, ३०८७. पुन्हा तेच : ८७३०मधून ०३७८ गेले, ८३५२. पुन्हा : ८५३२मधून २३५८ गेले, ६१७४. आता कितीही वजाबाक्या करा, ६१७४ हलत नाही. ट्रॅक्टर असो, काळीपिवळी असो की आमदारांची गाडी, सगळे शेवटी याच मुक्कामाला.

सगळे म्हणजे, चारही अंक सारखे असलेले सोडून. आरटीओत जादा पैसे मोजून घेतलेला ७७७७ मांडून पाहा. उतरता तोच, चढताही तोच. बाकी शून्य. टपरीवर ही वजाबाकी मी मोठ्यानं करत नाही. नंबरचा मालक बहुतेक शेजारच्याच बाकावर असतो.

तुमच्या गाडीचा नंबर घेऊन बसा. चारही आकडे लिहा, पुढचं शून्य खाऊ नका. सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ यायलाच हवा. आठवी करावी लागली, तर हातचा तपासा.