तेरा तरी का दिले?

लग्नात जिलबी जमली तर यजमानांचं कौतुक होतं आणि मठ्ठा आंबट झाला तर आचाऱ्याला बोलावणं जातं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये या आचाऱ्याला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. मी त्याचं मराठी करून पाहिलं. 'संरक्षण समन्वयक' म्हटलं की मंत्रालयातलं, गाडी न मिळालेलं पद वाटतं. 'बचावप्रमुख' म्हटलं की जामिनाच्या अर्जाची आठवण होते. तेव्हा कोऑर्डिनेटरच राहू दे. नाहीतरी लोक त्याला ज्या नावांनी हाक मारतात ती छापता येण्यासारखी नसतात.

हा ज्ञानलाभ मला झाला 2024 मध्ये, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात. गेलो होतो मुलीच्या बाळंतपणाला. म्हणजे बाळंतपण बायको करणार होती, मी डिंक आणि अळीव वाहून न्यायला होतो. तिथे पोचल्यावर कळलं की या गावात शनिवारी बाळं जन्माला आलेली चालत नाहीत. शनिवारी ओहायो स्टेटची मॅच असते.

कॉलेजची मॅच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमचं गॅदरिंग आलं. चुन्याच्या रेषा, प्राचार्यांची खुर्ची, बक्षिसाचा स्टीलचा पेला. प्रत्यक्षात ओहायो स्टेडियममध्ये 1,02,780 माणसं बसतात आणि आमचे जावईबापू त्यांतल्या एका जागेसाठी जे पैसे मोजतात ते मी बायकोला अजून सांगितलेले नाहीत. या खेळात हल्ला करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. दोन्हींचे मुकादम वेगळे. त्यांच्या वर मुख्य प्रशिक्षक, रायन डे. अडवणाऱ्यांचा मुकादम त्या वर्षी जिम नोल्स होता. कॉर्नेलमध्ये शिकलेला, तिथेच सहा वर्षं मुख्य प्रशिक्षक राहिलेला, मग ड्यूक, मग ओक्लाहोमा स्टेट. दिसायला आपल्याकडच्या भूमितीच्या सरांसारखा. पगार वर्षाला वीस लाख डॉलरच्या वर. भूमितीच्या सरांसारखा तो एवढ्या एका बाबतीत नाही.

आमच्या दिवाणखान्यात त्याच्यावर तीन जणांचं खंडपीठ बसे. एक जावईबापू. हे संगणकवाले, प्रत्येक वाक्यात दशांश चिन्ह. दुसरे चार घरं सोडून राहणारे नागपूरकर. ते वऱ्हाडी रस्सा घेऊन येत आणि पहिल्या पाच मिनिटांत नोल्सला बडतर्फ करत. तिसरे शेजारचे अमेरिकन आजोबा. यांच्या गळ्यात रुद्राक्षासारखी तपकिरी माळ असे. ती बकआय नावाच्या झाडाच्या बियांची. संघाचं टोपणनावच बकआय. बी खाल्ली तर बाधते, एवढं मला आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण मी एक उचलून बघत होतो. आजोबांच्या मते जुने मुख्य प्रशिक्षक वुडी हेस 1978 मध्ये पदावरून गेले आणि तेव्हापासून बचाव कुणाला जमलेला नाही.

खंडपीठासमोरचा जुना दावा 2022 चा होता. त्या वर्षी नोल्स नवा नवा आला. आधीच्या माणसाविषयी, केरी कूम्ब्सविषयी, तक्रार अशी होती की मन मोठं आहे, पोरं जीव टाकतात, पण डोकं चालत नाही. म्हणून डोकं आणलं. डोकं आलं आणि बारा महिन्यांच्या आत मिशिगनने घरच्या मैदानावर 45-23 असं धुतलं. त्यातले पाच टचडाउन 69, 75, 45, 75 आणि 85 यार्डांचे. म्हणजे माणूस सुटला की सुटलाच, मागे चिटपाखरू नाही. नोल्सची रीतच ती होती. सगळे पुढे धाडायचे, समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही. चोर पकडायला अख्खं घर रस्त्यावर धावलं आणि दार उघडं राहिलं.

ओक्लाहोमात याच रीतीला 'धाडस' म्हणत आणि त्याच धाडसासाठी त्याला आणलं होतं. त्या दुपारी साडेतीन तासांत तिचं नाव 'उतावळेपणा' झालं. मग पुढच्या हंगामात गडी सावध झाला, मागे माणसं ठेवू लागला. तर मिशिगनशी 30-24 असं हरल्यावर तोच 'घाबरट' ठरला. त्याची आखणी गुंतागुंतीची. जिंकलं की 'काय डोकं आहे!', हरलं की 'पोरांच्या डोक्यावरून जातं'. तो शांत उभा राहतो. जिंकलं की स्थितप्रज्ञ, हरलं की मख्ख. खेळाडू शोधायला दारोदार हिंडण्यात त्याला गोडी नव्हती. जिंकलं की 'तो काही सेल्समन नाही, विद्वान आहे', आणि हरलं की 'विद्वान कशाला हवा होता, सेल्समन आणायचा'. मी वहीत गुण आणि दोष असे दोन रकाने केले होते. महिनाभरात लक्षात आलं की दोन्ही रकान्यांत एकच यादी आहे, शाई तेवढी वेगळी.

(इथे मिशिगन हा शब्द मी लिहिला, पण कोलंबसात तो उच्चारत नाहीत. 'उत्तरेकडचा तो संघ' म्हणतात. सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे 'एम' अक्षर असेल तिथे लाल फुली मारतात. आमच्या आजीने जन्मभर आजोबांचं नाव घेतलं नाही, तरी निदान उखाण्यात तरी ते यायचं.)

12 ऑक्टोबरला ओरेगॉनने 32-31 असं हरवलं. एका गुणाने. आपलेही 31 झाले होते, पण ते जमेचे. बत्तीस मात्र नोल्सच्या नावावर. नागपूरकरांनी रश्श्याचं भांडं खाली ठेवलं. "काय करून राह्यला हा मानूस? तो पोरगा मागं एकटा बोंबलून राह्यला अन् हा कागद पाहून राह्यला!" जावईबापू म्हणाले, "एका मॅचचं सॅम्पल फार छोटं आहे हो." आजोबा म्हणाले, "वुडी असता तर..." आणि पुढे काही बोललेच नाहीत, माळ ओढत राहिले.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. घरात बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मत असावं अशी आपल्याकडे आणि तिकडेही अपेक्षा असते. मला तोवर चेंडू कोणाकडे आहे हेही धड कळत नव्हतं. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "मधल्या फळीत गडबड आहे." हे वाक्य मी क्रिकेटसाठी 1974 पासून वापरतोय. महापालिका निवडणुकीलाही वापरलंय. कोलंबसात ते तिघांनाही पटलं. जावयांनी आजोबांना इंग्रजीत करून सांगितलं तेव्हा तर आजोबांनी उठून माझा हात हातात घेतला. त्या दिवसापासून खंडपीठ चार जणांचं झालं.

पुढच्या आठवड्यात सुट्टी होती. त्यात नोल्सने आखणीची डागडुजी केली आणि नोव्हेंबरमध्ये पेन स्टेटला त्यांच्याच मैदानावर, गोलच्या उंबऱ्यात, शेवटच्या भागात चार वेळा अडवलं. 20-13. त्या रात्री माझ्या लेकीने विचारलं, "बाबा, आता नोल्स हुशार का?" मी म्हटलं, "शनिवारपर्यंत."

30 नोव्हेंबरला उत्तरेकडच्या त्या संघाने पुन्हा हरवलं. 13-10. सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवण्यावरून मारामारी झाली, पोलिसांनी तिखट फवारा मारला, आजोबांनी टीव्ही बंद न करताच घर गाठलं. बचावाने अख्ख्या सामन्यात तेरा गुण दिले होते. खापर फोडायचं तर हल्लेवाल्यांवर फोडायला हवं होतं, दहाच केले त्यांनी. नागपूरकरांनी क्षणभर विचार केला. प्रामाणिक माणूस. म्हणाले, "हल्ल्यानं तर घाणच केली. पण यानं तेरा तरी काहून देले?"

यावर कुणापाशीच उत्तर नव्हतं.

आता 20 जानेवारी 2025. अटलांटा, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना, समोर नोत्र दाम. मध्ये काय घडलं ते थोडक्यात सांगतो, कारण सुखाच्या गोष्टीत लिहिण्यासारखं फारसं नसतं. टेनेसीला 42-17, ओरेगॉनला 41-21, टेक्ससला 28-14. मोसमभराच्या सरासरीत नोल्सचा बचाव देशात पहिला, सामन्याला 12.9 गुण आणि 254.6 यार्ड. दशांश जावयांकडून.

तर अंतिम सामना सुरू झाला आणि नोत्र दामने पहिल्याच डावात चेंडू धरला तो सोडेना. चार पावलं, तीन पावलं, पुन्हा चार. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीतून एखादी आत्या उठून जाता जात नाही, तसं. अठरा चाली, 75 यार्ड, पावणेदहा मिनिटं आणि टचडाउन. त्या पावणेदहा मिनिटांत मी माणसाचं अख्खं सेवापुस्तक भरताना पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला तो 'बघून राह्यला बे, थांब' होता. पाचव्याला 'याला मोठ्या मॅचचं ओझं होतं, 2022 मध्येही झालं होतं'. सातव्याला त्याच्या जागी कोण आणावं यावर दोन नावं पुढे आली आणि आठव्याला त्यातलं एक बाद झालं. नवव्या मिनिटाला आजोबांनी त्याचं कॉर्नेलमधलं शिक्षण काढलं. खुद्द माझ्या तोंडून 'मधली फळी' निघून गेलं. टचडाउन झालं तेव्हा नोल्स निवृत्त होऊन, निवृत्तिवेतनाशिवाय, घरी बसलेला होता.

त्यानंतर ओहायो स्टेटने लागोपाठ 31 गुण केले. नोत्र दामला मधला बराच काळ काही सुचलंच नाही. अखेर 34-23. दहा वर्षांनी अजिंक्यपद आलं. नागपूरकर माझ्या गळ्यात पडून रडले. "म्या तं पयल्यापासून सांगून राह्यलो, मानूस बाप आहे!" मी वही आणायला उठलो होतो, पण बायकोने डोळे वटारले. सामन्यात प्रशिक्षकाच्या प्रत्येक यार्डाची नोंद होते. प्रेक्षकाच्या एकाही वाक्याची होत नाही. या खेळात न हरणारा तेवढा एकच संघ आहे आणि त्याला पगारही द्यावा लागत नाही.

आठवडा उलटतो न उलटतो तोच नोल्स पेन स्टेटला गेला. त्यांनी वर्षाला सरासरी 31 लाख डॉलर देऊ केल्याचं छापून आलं. शिवाय गडी मूळचा फिलाडेल्फियाचा, म्हणजे माहेरीच गेला म्हणायचं. कोलंबसमध्ये दोन दिवस सुतक पाळलं आणि तिसऱ्या दिवशी ठरलं की खेळाडूच चांगले होते, त्याने काय केलं? त्याच्या जागी मॅट पॅट्रिशिया आला. विमानशास्त्राचा पदवीधर, दाढीवाला, आणि न्यू इंग्लंडच्या संघाकडे असताना कानामागे पेन्सिल खोचायचा, आपल्या सुतारासारखी. जावयांनी फोनवर सांगितलं, "बाबा, रॉकेट सायंटिस्ट आणलाय." मी म्हटलं, जिंकलं तर रॉकेट सायंटिस्ट, हरलं तर सुतार.

इकडे पेन स्टेट 2025 च्या मोसमाआधीच्या यादीत देशात दुसरी होती. मग ओरेगॉनशी जादा वेळेत 30-24 हार. मग यूसीएलए. या संघाने तोवर चार सामने खेळून चारही घालवले होते, त्यांनी नोल्सच्या बचावावर 42 गुण चढवले. मग नॉर्थवेस्टर्नशी 22-21 हार, आणि दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिनलाच घरी पाठवलं. या वेळी आचारी राहिला आणि यजमान गेला. नागपूरकरांचा मला तातडीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "पाह्यलं का भाऊ? म्या तं पयल्यापासून सांगून राह्यलो." 1 नोव्हेंबरला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटने नोल्सच्या बचावाला 38 गुणांचा आहेर केला, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन केला. या खेपेला नुसते हसले.

पॅट्रिशियाचा बचाव तोवर नोल्सच्याहून कंजूस झाला होता. उत्तरेकडच्या त्या संघाला 27-9 हरवलं. नऊ! नातू तेव्हा सव्वा वर्षाचा होता, लाल झबलं घालून टाळ्या वाजवायचा. मग 6 डिसेंबरला, विभागाच्या अंतिम सामन्यात, इंडियानाशी हरले. आकडा तोच. 13-10.

मी इथे पुण्यात पहाटे उठून पाहिला. बचावाने पुन्हा तेराच दिले होते. चहा टाकला आणि फोनची वाट पाहत बसलो. साडेदहाच्या सुमाराला आला.

"नऊ देले असते तं जिंकलो असतो ना भाऊ," नागपूरकर म्हणाले. "अन् हा म्हने रॉकेटवाला!"