स्वस्तात उंची

अमेरिकेत जुनी जीप चेरोकी घेऊन ती ३ इंच उचलायची, याला ‘बजेट बिल्ड’ म्हणतात. बजेट म्हणजे बायकोला सांगितलेला आकडा. गाडी उचलली की ३१ इंची टायर आलेच. टायर मोठे म्हणून इंजिन दमतं, मग डिफरन्शियलचे गिअर बदला. मागचा शाफ्ट थरथरतो, ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात. नाकापेक्षा मोती जड! त्यात स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, थेट मालकाच्या हिशेबवहीसारखा. एवढं करून सहकुटुंब युटामधल्या मोआबला पोचायचं. तिथे आजी चढायला शिडी मागते, पोरांना गाडी लागते आणि खडकांवरून तासाला ४ मैलांनी सरकणाऱ्या या रथाला कुणीतरी सायकलवाला हात हलवून मागे टाकतो.