छाव्याला बाटली, मामाला काठी

आमचा पुण्याचा भाचा दोन आठवड्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत सिंह वाचवायला चालला आहे. सिंहांनी बोलावणं धाडलेलं नाही. यानंच पैसे भरून नंबर लावला. स्वयंसेवा म्हणजे स्वतःच्या खर्चानं स्वतःची करून घेतलेली सेवा, हा अर्थ आम्हाला या वयात कळला. कामाचा तक्ता त्यानं फोनवर दाखवला. सकाळी अनाथ छाव्यांना बाटलीनं दूध पाजणं, दुपारी पिंजऱ्यांची झाडलोट, संध्याकाळी फोटो, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. घरी चहाचा कप कधी विसळला नाही, तो पोरगा सिंहाचा पिंजरा धुणार म्हणून आमची बहीण भरून पावली आहे.

सिंहच पाहायचा तर गीर जवळ पडतं, असं आम्ही सुचवून पाहिलं. 2025 च्या गणनेत गीर आणि आसपासचा मुलूख मिळून 891 सिंह भरले. पण गीरमध्ये छावा मांडीवर घेऊ देत नाहीत. मांडीवर न बसणाऱ्या सिंहाचं संवर्धन करण्यात हल्ली कोणाला गोडी नाही.

निघण्याआधी आशीर्वाद घ्यायला तो चंद्रपूरला आमच्याकडे आला, आणि आम्ही त्याला सिंदेवाही तालुक्यात थोरल्या बंधूंकडे घेऊन गेलो. थोरल्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"कायले चालला बाप्पा एवढ्या दूर?"

"मामा, सिंहांच्या सोबत राहायचा अनुभव घ्यायचाय."

"मंग इथंच राहा ना. आमी वाघासंगच राहून रायलो. कोणी फी नाई मागत."

थोरल्यांचाही कामाचा तक्ता आहे; फोनवर नाही एवढंच. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचणं. मे महिन्यात तेंदूपानं तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं आणि ते खरेदीच्या फळीवर नेऊन देणं. पावसाळ्यात रोवणी, आणि धान लोंबीवर आलं की रानडुकरांसाठी रात्रीची जागल. साहित्य: एक काठी, एक टॉर्च. सूचना: एकटं जाऊ नये, वाकून बसू नये, मोठ्यानं बोलत राहावं. वाकल्याशिवाय मोहफूल कसं वेचायचं, हे सूचनेत लिहिलेलं नसतं. जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी ताडोबाची हद्द दाखवणारा नकाशा पाहिलेला नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलात ते शेतकऱ्याच्या बांधावरून ये-जा करतात.

आता त्या अनाथ छाव्यांविषयी. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले हजारो सिंह आहेत, आणि तिथल्या रानातल्या सिंहांपेक्षा त्यांची संख्या जास्त आहे. अशा कित्येक ठिकाणी छावा अनाथ झालेला नसतो, केलेला असतो. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याला आईपासून काढतात, म्हणजे पैसे भरून आलेल्याला बाटली धरायला मिळते आणि सिंहीण पुन्हा लवकर व्यायला मोकळी होते. छावा मोठा झाला की पाहुण्यांसोबत फिरायला, आणि आणखी मोठा झाला की कुंपणात सोडून हौशी शिकाऱ्याच्या बंदुकीपुढे. मेल्यावर हाडांनाही गिऱ्हाईक असतं. माणसाच्या हातून दूध प्यालेला सिंह रानात परत सोडण्याच्या कामाचा राहत नाही. हा धंदा बंद करण्याचं धोरण तिथल्या सरकारनं 2021 मध्ये जाहीर केलं. धंदा मात्र अजून पुरता आवरलेला नाही. म्हणजे आमचा भाचा ज्या सिंहाला वाचवायला चालला आहे, तो कदाचित त्याच्यासारख्यांसाठीच जन्माला घातलेला असेल.

सेवेचा सोस आमच्याकडेही कमी नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पैसे भरून मचाणावर बसणारे पुष्कळ. वाघांना इथं नटनट्यांसारखी नावं आहेत: माया, छोटी तारा, मटकासूर. ताडोबाच्या झीनत वाघिणीला तर 2024 मध्ये खरोखरच स्वयंसेवेला धाडलं. ओडिशाच्या सिमिलिपालमधल्या वाघांचा वंश सुधारायला गेलेली ही बाई तिथून निघून झारखंडमार्गे बंगालमध्ये पोहोचली आणि डिसेंबरअखेर बांकुड्यात बेशुद्ध करून तिला धरावं लागलं. तिला मात्र कोणी प्रमाणपत्र दिल्याचं ऐकिवात नाही.

ताडोबा हे नावच मुळी तारू या गोंड गावप्रमुखाचं. वाघाशी झुंजताना तो मेला आणि तळ्याकाठी त्याचं देऊळ झालं, असं इथले लोक सांगतात. त्यानंतरच्यांची देवळं झाली नाहीत. वडसा वनक्षेत्रात ऑक्टोबर 2022 मध्ये सीटी-1 हा वाघ पकडला, तोवर गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर मिळून त्यानं 13 माणसं मारली होती. नोव्हेंबर 2021 मध्ये व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक ताडोबाच्या गाभ्यातच वाघिणीच्या हल्ल्यात गेली. मे 2025 मध्ये सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. बातमीत वाघिणीला नाव असतं, बाईला वय असतं. पैसे भरून जंगलात शिरतो तो स्वयंसेवक, आणि पोटासाठी शिरते ती 'मानव-वन्यजीव संघर्ष'.

सरकार मृताच्या वारसांना 25 लाख रुपये देतं, ते द्यायलाच हवेत. त्यासाठी कागद लागतात. प्रमाणपत्र आमच्याकडेही मिळतं, फक्त ते घ्यायला घरच्यांना जावं लागतं.

आफ्रिकेत शिकण्यासारखं काही नाही असं नव्हे. केनियात अंबोसेलीच्या परिसरात 2007 पासून मसाई तरुणांना पगार देऊन सिंहांची राखण सोपवली आहे. सिंह कुठं आहे ते हुडकायचं आणि गुराख्यांना सावध करायचं, हे त्यांचं काम. पूर्वी हेच तरुण सिंह मारून मर्दुमकी मिरवत. आमच्या गावांतही प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं काठी-शिटी घेऊन हेच करतात. वाघ वाचतो तो अशांच्या जिवावर. त्यांना आधी पोटभर मानधन द्यावं, मग टाळ्या वाजवाव्यात. आणि मांडीवर छावा घेतलेला फोटो कोणी पाठवलाच, तर वाचकहो, लाइक देण्याआधी एकच विचारा: याची आई कुठं आहे?

भाच्यानं हे सगळं निमूट ऐकलं. तिकीट रद्द होत नाही म्हणाला. निघताना त्यानं थोरल्यांना विचारलं, "मामा, तिकडून काय आणू?"

"टार्च आन एक, चांगला. जागलीले कामी येते."

धान लोंबीवर आलं आहे. जागल सुरू झाली आहे.