दीड इंचाची तूट

निवृत्तीनंतर माणसं गीता वाचतात, कुंड्यांत टोमॅटो लावतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून शेजाऱ्यांची झोप उडवतात. आमच्या शेजारच्या ऑडिटरकाकांनी शिवणयंत्र धरलं आणि सोसायटी वाचली.

निमित्त झालं मुलीचं. न्यू जर्सीहून येताना तिने आईसाठी टॉपच्या पॅटर्नचं पाकीट आणलं. आत पातळ टिश्यू कागदावर छापलेले कपड्याचे भाग आणि सोबत सूचनापत्रक. काकूंनी जन्मभर रद्दीच्या पेपरवर ब्लाऊज बेतलेले. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं, ‘छान आहे’ म्हटलं आणि त्या मटार सोलायला बसल्या. पण सूचना क्रमांकवार छापल्या आहेत हे कळताच काकांचे डोळे लकाकले. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं की म्हणे असेच लकाकायचे.

आधी पूर्वपीठिका तयार झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. त्याआधीचे नमुने एकाच मापाचे, वाढवा-कमी करा ते ज्याचं त्याने. हे सगळं काकांनी मला जिन्यात उभं करून सांगितलं. माझ्या हातात दुधाची पिशवी होती आणि ती ठिबकत होती.

मग मापं. काकूंची छाती अडतीस. तक्त्यात त्यासमोर साइझ सोळा.

“तू सोळा आहेस,” काकांनी जाहीर केलं.

काकूंच्या हातातली शेंग खाली पडली. लग्नापासून आजवर हे गृहस्थ इतकं गोड काही बोलले नव्हते. मुलीने मात्र तेवढ्यात घाण केली. म्हणाली, “आई, दुकानात तुला दहा नंबर बसतो. पॅटर्नचे नंबर जुन्या हिशेबाने असतात.” काकूंनी तिला भाजी निवडायला बसवलं.

मूळ कागदाला कात्री लावणं म्हणजे दस्तऐवज नष्ट करणं. म्हणून काकांनी कोमट इस्त्रीने टिश्यूच्या घड्या मोडल्या, बटरपेपरवर नक्कल काढली आणि प्रत्येक भागावर ‘मुळाबरहुकूम’ लिहून सही ठोकली. अमेरिकन बाईच्या उंचीचा टॉप काकूंना गुडघ्याकडे गेला असता. पण कागदावर दुहेरी रेघ मारून ‘इथे लांब किंवा आखूड करा’ अशी लेखी परवानगीच होती, त्यामुळे ते प्रकरण वादाशिवाय निकालात निघालं.

होजिअरीचं कापड ठोक दुकानात किलोवर मिळतं आणि पाकिटावर लिहिलेलं वारात. दुसरा कोणी वैतागला असता. काकांनी साठ इंची पन्ह्याचं एक पूर्णांक पाच अष्टमांश वार, एकशेऐंशी जीएसएमने गुणलं आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, “चारशे आठ ग्रॅम द्या.” त्याआधी त्यांनी प्रत्येक ताग्याचा कोपरा पाकिटाच्या कडेला छापलेल्या पट्टीवर ताणून पाहिला होता. चार इंच कापड ठरावीक खुणेपर्यंत गेलं तरच पास. दुकानदाराने अर्धा किलो बांधून दिलं आणि वर सुचवलं, “काका, कोथिंबीर समोर मिळते.”

खरा स्फोट घरी झाला. टिश्यूवर छातीपाशी एक गोल खूण होती आणि तिच्याजवळ तयार कपड्याचं माप: साडेछत्तीस.

“शरीर अडतीस, कपडा साडेछत्तीस! दीड इंचाची तूट कोणी मंजूर केली?”

“ते कापड ताणतं,” काकू म्हणाल्या. “साध्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. हे स्वेटरसारखं, फंद्यात फंदा. ओढलं की फंदा आडवा होतो. सैल शिवलंत तर झबलं होईल.”

“पण तूट भरून कशी काढायची?”

“तुमचा पगार कसा पुरवला मी? ताणूनच ना?”

यावर काकांकडे खुलासा नव्हता.

काकूंचं काळं पायमशीन फक्त सरळ टीप मारतं. होजिअरीवर सरळ टीप घातली की कपडा डोक्यातून काढताना दोरा तटकन तुटतो. पत्रकात झिगझॅग सांगितलेला. काका नवं मशीन घेण्याचा प्रस्ताव तयार करत होते. काकूंनी गोल टोकाची सुई लावली (अणकुचीदार सुई फंदाच कापते आणि मग भोकांची रांग), कापड पुढून-मागून हलकं ताणून धरलं आणि दोन्ही बाजू शिवून मोकळ्या झाल्या. शिवणीत दोरा जरा जास्त बसतो, मग शिवणही ताण सोसते. हे कुठल्या पत्रकात आहे, असं काकांनी दोनदा विचारलं.

गळ्यापाशी त्यांनी काम थांबवलं. गळ्याचा घेर बावीस, पट्टी एकोणीस! ही तर उघड छपाईची चूक. कंपनीला पत्र लिहायला बसले. ‘महोदय’पासून ‘सविनय’पर्यंत पोचले तोवर काकूंनी गळा आणि पट्टी दोन्हींचे चार-चार भाग केले, खुणेला खूण टाचली आणि पट्टी ओढत ओढत बसवलीसुद्धा. आखूड असल्यामुळेच ती गळ्याशी चापून बसली. बरोबर बावीस कापली असती तर उभी राहून लोंबली असती.

संध्याकाळी काकूंनी टॉप घातला. आम्हाला बोलावण्यात आलं. काकांनी टेप लावला, चष्मा लावला, पुन्हा टेप लावला. अडतीस! त्यांच्या चेहऱ्यावर ताळा जुळल्याचं तेज आलं आणि ते फाइल आणायला आत धावले.

“अहो, काढू का आता? उकडतंय.”

“अजिबात नाही!” आतून ओरड आली. “काढलास की परत साडेछत्तीस होईल. आधी सही होऊ दे!”